पन्नासातले दहा

“मोजायला वैजूच बरी,” पद्माकरकाका म्हणाले. “तिचं गणित चांगलं आहे, आणि ती कुणाच्याच बाजूची नाही.”

मी कुणाच्याच बाजूची नव्हते हे खरं. माझ्या बाजूची जी दोन माणसं होती त्यांची जीप पंधरवड्यापूर्वी घाटात उलटली होती. आदल्या दिवशी आई-बाबांचं तेरावं झालं आणि आज आमच्या तासगावच्या घरात, माजघरात सतरंजी टाकून, मला कुणाच्या घरी ठेवायचं हे ठरवायला पाच माणसं बसली होती. मी सातवीत होते. हे बोलणं चालू असताना मला बाहेर पाठवावं असं त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. उलट मोजणीला बसवलं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. कोल्हापूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. त्यांच्या शेजारी निर्मलाकाकी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. समोर बाबांची थोरली बहीण, सोलापूरची कुमुदआत्या, आणि तिचे यजमान भालचंद्रराव. ते सिटी सर्व्हेत होते. दिवसभर लोकांच्या हद्दी मोजायच्या आणि घरी आल्यावर तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा नेम होता. या चौघांपासून लांब, दाराजवळ भिंतीला टेकून इंदूमावशी बसली होती. ही आईची थोरली बहीण. नवऱ्याचं घर वर्षभरात सोडून आलेली, विट्याला पिठाची गिरणी एकटीनं चालवणारी. गिरणीच्या धडधडाटावर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की ती मीठ मागायची तेसुद्धा भांडल्यासारखं वाटायचं.

सकाळपासून जे चाललं होतं त्याला चर्चा म्हणायची रीत आहे. काका म्हणायचे, अक्काकडे प्रशस्त घर आहे. अक्का, म्हणजे आत्या, म्हणायची, पद्माकरकडे दोन मुली आहेत, हिला सोबत होईल. काकी म्हणायची, दोन आहेत म्हणूनच तिसरी जड जाते. आत्या म्हणायची, माझे गुडघे धड नाहीत, मी कुणामागं धावू? प्रत्येक जण दुसऱ्याच्या घराचं इतकं कौतुक करत होता की ऐकणाऱ्याला वाटावं, काय प्रेम आहे या माणसांचं एकमेकांवर.

शेवटी काका उठले आणि स्वयंपाकघरातून दोन उंच स्टीलचे डबे आणि चिंचोक्यांची पिशवी घेऊन आले. उन्हाळ्यात चिंच फोडली की चिंचोके आई खळीसाठी बाजूला ठेवायची, तेच हे.

“आपण ‘हो की नाही’ असं विचारतोय, म्हणून भांडतोय,” काका म्हणाले. शिकवताना येतो तसा त्यांचा आवाज झाला होता. “माणसाचं मन असं दोन तुकड्यांत नसतं, अक्का. थोडं हो असतं, थोडं नाही असतं. ते किती किती, एवढंच मोजायचं. एका वेळी दोनच घरं घ्यायची. प्रत्येकाला दहा चिंचोके. वैजूनं कुठं जावं असं जितकं वाटतं, तितके त्या घराच्या डब्यात टाकायचे. सात-तीन टाका, सहा-चार टाका. दोन्ही घरं सारखीच वाटली तर पाच-पाच. मग सगळ्यांचे एकत्र करायचे. ज्या घराची बेरीज जास्त, ते घर. कुणी किती टाकले ते कुणाला कळणार नाही, म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत.”

“हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?” आत्यानं विचारलं.

“आहे शास्त्र. परदेशात यावर प्रबंध लिहिलेत लोकांनी.”

“परदेशात पोरी चिंचोक्यांवर वाटून घेतात होय?” मावशी दारातून म्हणाली.

काकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पण आत्याला दुसरीच शंका आली. “तुम्ही नवराबायको दोघं टाकणार? म्हणजे तुमच्या घराची दोन मतं.”

“मग भालचंद्ररावही टाकतील की. झाली तुमचीही दोन.”

“आणि माझं एकच,” मावशी म्हणाली.

“तुम्ही एकट्याच आहात, इंदूताई,” काकी गोड आवाजात म्हणाली. ते ‘एकट्याच’ तिनं असं उच्चारलं की मला तिच्या पाटल्या ओढून काढाव्याशा वाटल्या.

इथं मला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या बाबांसाठी आत्यानं स्वतःची नणंद ठरवून ठेवली होती. बाबांना आई आवडली होती. दोन्ही घरांचा नकार असताना इंदूमावशीनं पुढाकार घेऊन, कुणाला न विचारता, विट्याला दोघांचं लग्न लावून दिलं होतं. त्या गोष्टीला पंधरा वर्षं होत आली तरी आत्या मावशीशी सरळ बोलत नव्हती. बोलायचंच झालं तर भिंतीकडे बघून बोलायची.

आणि दुसरं म्हणजे, मला विट्याला जायचं होतं. दुसरीकडे कुठंच नाही. दर सुट्टीत मी मावशीकडे असायचे. तिथं मला कुणी ‘बिचारी’ म्हटलं नसतं. त्या दिवशी सकाळी मागच्या नळावर ती तोंड धूत होती तेव्हा मी तिच्या पदराला धरून म्हटलं होतं, “मावशी, मला तुझ्याकडे ने. मी त्यांच्याकडे मरून जाईन.” तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, “गप बस. आत जाऊन एक शब्द बोलायचा नाही.” मी एक शब्दही बोलले नव्हते. तिनं काहीतरी योजलं असेल या भरवशावर बसले होते.

“एका वेळी दोन म्हणजे? तिसरं घर कुठलं?” आत्यानं भिंतीला विचारलं. “दोनच घरं आहेत. का यांचं पण धरायचं? धरा की. आमचा भाऊ नेलाच आहे, आता भावाची मुलगी न्या म्हणावं.”

सगळे मावशीकडे बघायला लागले. मीसुद्धा.

“मला नको,” मावशी म्हणाली.

काकीच्या बोटाला गुंडाळलेला पदर सुटला.

“बघताय काय? नको म्हटलं. मी मोकळी बाई आहे. पहाटे गिरणी उघडते, रात्री पट्टा उतरवते. हे लोढणं कुठं गळ्यात बांधून घेऊ? बहीण होती तोवर येणं-जाणं होतं. ती गेली, संपलं. तुमच्या घराण्याची पोर, तुम्ही सांभाळा. उगाच माझ्या दारात आणून सोडलीत तर दुसऱ्या दिवशी वसतिगृहात टाकून येईन, सांगून ठेवते.”

ती हे सगळं माझ्याकडे बघत बोलली. एकदाही नजर हलवली नाही तिनं. आई-बाबा गेल्यावर मी रडले नव्हते असं नाही, पण लोकांसमोर रडले नव्हते. त्या क्षणी मात्र माझा बांध फुटला. हुंदके आवरेनात. काकीनं उठून मला पाणी दिलं, ते सांडलं. मला तिथल्या सगळ्यांचाच राग आला होता, पण मावशीचा इतका आला की ती जीपमध्ये असायला हवी होती असं माझ्या मनात येऊन गेलं.

आत्याचा चेहरा मात्र उजळला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं मावशीकडे सरळ पाहिलं.

“घे रे पद्मा,” ती म्हणाली, “यांचं घर पण घे. न्याय सगळ्यांना सारखा पाहिजे.”

काकांनी डब्यांच्या तळाला फडकी घातली, चिंचोके पडल्याचा आवाज येऊ नये म्हणून. माणूस अशा बाबतीत फार काटेकोर होता. डबे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवले. पहिली जोडी काकांचं घर आणि आत्याचं घर. उजवा डबा आत्याचा, डावा काकांचा. एकेकानं दहा चिंचोके मुठीत घेऊन आत जायचं, दार लावायचं, टाकून बाहेर यायचं. पाचही जण जाऊन आल्यावर काकांनी डबे आणून माझ्यापुढं पालथे केले. मी नाक पुसत दहा-दहाचे ढीग केले.

“उजव्यात पंचवीस,” मी म्हटलं. “डाव्यात पंचवीस.”

काका खाली बघायला लागले. काकीनं आत्याकडे पाहिलं, आत्यानं काकीकडे. हिशेब शाळेतल्या पोरालाही कळण्यासारखा होता. काका-काकींनी आपले वीसच्या वीस आत्याच्या डब्यात टाकले होते, आत्या आणि भालचंद्ररावांनी त्यांचे वीस काकांच्या डब्यात. मावशीनं पाच-पाच केले होते. थोडं हो आणि थोडं नाही असलेलं मन त्या चौघांपैकी कुणाकडेच नव्हतं.

“दहाच्या दहा, निर्मला?” आत्या म्हणाली. “एक तरी ठेवायचास आपल्या डब्यात.”

“तुम्ही ठेवलात, वन्सं?”

“माझे गुडघे…”

“पुरे,” काका म्हणाले. “पुढची जोडी. अक्काचं घर आणि इंदूताईंचं घर.”

या वेळी सगळे लगबगीनं उठले. आत्या तर गुडघे विसरून पहिली आत गेली आणि लगेच बाहेर आली. मावशी सगळ्यांत शेवटी गेली. ती आत बराच वेळ होती. “ओटा पुसायला बसल्या की काय,” काकी म्हणाली आणि आत्या हसली. भांडणारी ही दोन माणसं आता एकमेकींकडे बघून हसत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मावशी बाहेर आली, जागेवर बसली. मी डबे पालथे केले. आत्याच्या डब्यातून नुसतं फडकं पडलं. मावशीच्या डब्यातले मोजले. पन्नास.

काकांनी माझ्या ढिगांवरून एकदा नजर फिरवली. मग मावशीकडे पाहिलं. मग म्हणाले, “तिसरी जोडी.”

तिसऱ्या वेळी काकांच्या डब्यातून फडकं पडलं आणि मावशीच्या डब्यातून पुन्हा पन्नास.

“ठरलं,” आत्या मांडीवर थाप मारून म्हणाली. “आता काही बोलायचं काम नाही. शास्त्रानं ठरवलं.”

“सगळे मिळून एकटीच्या गळ्यात घालताय,” मावशी म्हणाली. “बरोबर आहे. मी कोण तुमची?”

“तुम्ही मावशी आहात तिच्या,” काकी म्हणाली. “आईनंतर मावशीच.”

मी चिंचोक्यांकडे बघत बसले होते. माझा निकाल लागला होता. मला हव्या त्या घरी मी चालले होते, आणि त्या घराला मी नको होते. वसतिगृह कसं असेल याचा मी विचार करत होते.

तेवढ्यात भालचंद्रराव बोलले. दिवसभरात पहिल्यांदाच.

“पन्नास कसे?”

“म्हणजे काय?” आत्या म्हणाली.

“माणसं पाच. दहाप्रमाणे पन्नास. सगळेच्या सगळे इंदूताईंच्या डब्यात. म्हणजे आपण चौघांनी टाकले, आणि…” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “यांचे दहा पण यांच्याच डब्यात आहेत. दोन्ही वेळा.”

मी मान वर केली. मावशीचा चेहरा उतरला होता. मी तिला तशी कधीच पाहिलेली नव्हती.

आत्याला समजायला जरा वेळ लागला, पण समजलं तेव्हा पुरतं समजलं.

“म्हणजे हिला पाहिजेच होती,” ती सावकाश म्हणाली. “पाहिजे होती, आणि नाटक केलं. आपल्याला खेळवलं हिनं, पद्मा. पहिल्यांदा तेच, आत्ताही तेच.” मग तिचा आवाज चढला. “नाही द्यायची. मी बसले असताना नाही. भाऊ नेला, त्याची पोर मी नेऊ देणार नाही. मेला तरी तो आमचा होता.”

“मागितली असती तर दिली असतीत?” मावशी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती.

“मेले असते तरी दिली नसती.”

“माहीत होतं मला.”

“मोडा हे,” आत्या म्हणाली. “पद्मा, तुझा तो निकाल मोड. मला मान्य नाही.”

काका हातातला एक चिंचोका अंगठ्यानं घासत होते. मग त्यांनी तो सतरंजीवर ठेवला.

“मला ते पहिल्याच पन्नासाला दिसलं होतं, अक्का,” ते म्हणाले. “पण तू म्हणतेस तर मोडू. परत घेऊ. वैजूनं विट्याला जाऊ नये असं तुला वाटतं ना? सोपं आहे. दहाच्या दहा तुझ्या डब्यात टाक. भालचंद्रराव टाकतील. तुझ्या शब्दाला मान म्हणून मी आणि निर्मला आमचेही तुझ्याच डब्यात टाकतो. चाळीस तुझे, दहा त्यांचे. वैजू आज संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरला.”

“तुझ्या डब्यात का नाही?”

“माझ्या डब्यात नाही टाकणार मी. तुला नकोय ना ती तिकडे जायला? मला चालतंय.”

इतकं उघडं तोपर्यंत कुणीच बोललं नव्हतं. काकीनंसुद्धा ‘अहो’ म्हटलं. काकांनी दहा चिंचोके मोजून आत्यापुढं सरकवले.

आत्यानं ते उचलले. उठली. भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. देवाचं नाव घ्यायचं मी पंधरवड्यापासून सोडलं होतं, ते त्या वेळी घेतलं. तिची मूठ घट्ट मिटलेली होती. चिडलेल्या माणसाला काहीही सुचू शकतं. मावशी भिंतीला टेकायची सोडून ताठ बसली होती, आणि तिची नजरही त्या मुठीवरच होती.

आत्या दारात उभी राहिली. आत गेली नाही. भालचंद्ररावांकडे वळून बघितलं तिनं. ते छताकडे बघत होते.

“माझे गुडघे असे,” ती शेवटी म्हणाली. “नाहीतर दाखवलं असतं.”

ती परत आली आणि चिंचोके सतरंजीवर टाकले. त्यातला एक घरंगळत माझ्यापर्यंत आला. मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी अपमानही वाटला. माझ्या बाबांच्या बहिणीचा पंधरा वर्षांचा राग मोठा होता, पण मला घरात घेण्याएवढा मोठा नव्हता. काकांना ते आधीच ठाऊक होतं. त्यांनी माझ्यावर उपकार केले असं पुढं आमच्याकडे कुणी कुणी म्हणालं. मी तसं मानत नाही. त्यांना आपलं घर वाचवायचं होतं, ते त्यांनी वाचवलं. माझं भलं त्या नादात होऊन गेलं.

मावशी उठली. माझी कपड्यांची पिशवी कोपऱ्यात होती ती तिनं खांद्याला अडकवली.

“चल.”

“जेवून तरी जा,” काकी म्हणाली.

“तुमच्या हातचं?” मावशी म्हणाली. “वर्षश्राद्धाला आम्ही दोघी येऊ. तोवर विट्याकडं कुणी फिरकायचं नाही.”

स्टँडवर विट्याची गाडी लागलेलीच होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. गाडी गावाबाहेर पडून द्राक्षांच्या बागा लागेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

“तू खोटं बोललीस,” मी म्हटलं.

“व्हय.”

“मला सकाळी सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तशी रडली असतीस?” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. तुझ्या आईचं पण दिसायचं. माझ्या बोलण्यावर त्या अक्काबाईचा विश्वास बसला नव्हता. तुझं रडणं बघून बसला.”

म्हणजे माझं रडणंही तिनं वापरलं होतं. मी सरकून बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिनं मला जवळ ओढलं नाही, की समजावलं नाही. ते तिला कधी जमलंच नाही, पुढंही. गाडी खड्ड्यांतून उडत होती. मी रागानं धुमसत बसले होते, पण डोक्यात चिंचोके फिरत होते. गणित चांगलं असलेल्या पोरीला हा शापच असतो.

“पण मग तुझं चुकलंच,” मी थोड्या वेळानं म्हटलं. “तुझे दहा तू दुसऱ्या डब्यात टाकायचे होतेस. चाळीस-दहानं तूच आली असतीस. भालचंद्ररावांना कळलंसुद्धा नसतं. एवढं नाटक केलंस आणि तिथं चुकलीस.”

“मला कळत नव्हतं होय ते? गिरणी चालवते मी.”

“मग?”

मला वाटलं, आता रागावणार. तिनं पिशवी मांडीवर घेतली, तिचा बंद सोडला, परत बांधला.

“दोन्ही वेळा तिकडंच टाकायचे म्हणून आत गेले होते,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला ऐकायला तिच्याकडे सरकावं लागलं. “तिकडच्या डब्यावर मूठ धरून उभी राहिले. तोंडानं काय वाट्टेल ते बोलले तुला. त्याचं काही वाटलं नाही, बोलायचंच होतं. पण ते… तू नको म्हणून टाकायचे ना ते. एक सुद्धा पडला नाही गं हातातून.”

मी परत टोकाला सरकले नाही.

मग कंडक्टर आला, आणि तिनं विट्याची दोन तिकिटं इतक्या मोठ्यानं मागितली की पुढच्या बाकांवरची माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली.